बाहत्तरच्या दुष्काळात प्लास्टिकची घागर

बाहत्तरच्या दुष्काळात प्लास्टिकची घागर! आन ती बी निळीशार!

तुमी म्हनाल, ह्या बाईला दुसरं काम न्हाई का. न्हाई! तीस वर्सं झाली, ती घागर मह्या डोक्यातून उतरत न्हाई. बाहत्तर साली आमच्या गावात पत्र्याची घागर व्हती, मातीची व्हती, चार मोठ्या घरांत पितळंची व्हती. प्लास्टिकची पहिल्यांदा आली चौऱ्याऐंशी साली, तलवाड्याच्या बाजारातून. सुंदरबाईनं आनलती. सगळ्या बायका तिच्या दारात ती उचलून बघायला गेलत्या, मी बी गेलते. आन हे मुंबईचे सिरियलवाले शहाने बाहत्तरच्या बाईच्या कमरंवर ती देतेत आन वरून तिला रडायला लावतेत!

महं नाव भामाबाई. आमचं गाव तलवाड्याच्या अलीकडं. अठ्ठ्याऐंशी साली आमच्या गावात टीव्हीची सिरियल काढलती, बाहत्तरच्या दुष्काळावर. तेरा भाग. तिचं नाव मी घेत न्हाई, उगं त्यांची जाहिरात कावून करू. गावातली शंभर-दीडशे मानसं त्यात गर्दी म्हनून घेतलती. मी व्हते, माही माय चतुराबाई व्हती. सिरियल लागली तव्हा सगळं गाव सोसायटीच्या हापिसात टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसलं. लोक 'त्यो बघ मी, त्यो बघ मी' म्हनून उड्या मारायलेत, आन मी आपली चुका मोजीत बसले.

किती सांगू! गावात लाईट आली अठ्ठ्याहत्तरला, आन ह्यांच्या बैलगाडीच्या मागं विजेचा खांब. दुष्काळी कामावरच्या मुकादमाच्या मनगटात आकड्याचं घड्याळ, ज्याला काटेच न्हाईत. हिरीवर नायलॉनचा दोर. अरे बाबांनो, केकताडाचा, घायपाताचा दोर व्हता तव्हा, हाताची सालपटं निघायची! आन सुकडी म्हनून कामावरल्या लेकरांना वाटली काय, तर बुंदी. सरकारनं दुष्काळात बुंदी वाटली व्हय रे? मी तेरा वर्सांची व्हते, डोक्यावर टोपलं घेऊन त्याच कामावर व्हते. ओंजळीत सुकडीचं पीठ घेऊन खाल्लंय मी. तिचा वास अजून नाकात हाय.

महा धाकटा भाऊ शहादेव तव्हा यष्टीत कंडक्टरकीला नवा नवा लागलता. त्याचं अक्षर चांगलं. त्याला समोर बसवला आन जिल्ह्याच्या पेपरला पत्र लिहायला लावलं. नंबर टाकून बावीस चुका. शेवटी म्हनलं, लिही, 'या सिरियलीतलं काहीही खरं धरू नये.' पत्र छापून आलं, महं नाव खाली आलं, आन तव्हापासून गावानं महं नाव पाडलं चुकाबाई. लग्नात पंगतीला बसले तरी वाढप्या म्हनतो, "चुकाबाई, वरनात मीठ बघा बरं, बाहत्तरचं हाय का आत्ताचं?" म्हनू द्या. मी बी त्याला म्हनते, "मीठ ठीक हाय, अक्कल कमी पडली."

पन त्या बावीसातली सगळ्यात मोठी चूक घागरीची न्हाई. ती हिरीची हाय. आन ती चूक न्हाई, ती लबाडी हाय.

आमच्या गावच्या गायरानात एक हीर हाय. कसलाबी उन्हाळा असू द्या, तिचं पानी तळाला जात न्हाई. सिरियलीत दाखवलं की गावच्या एका दयाळू पाटलानं ती एकाहत्तर सालीच सवता खांदली आन दुष्काळात सगळ्यांना खुली केली. त्यो दयाळू पाटील म्हंजी आमच्या गावचा बद्रीनाथ. कावून? तर सिरियलवाले वीस दिवस त्याच्याच घरी उतरलते आन त्याचीच कोंबडी खाल्लती. मंग गोष्ट बी त्याचीच झाली.

खरं काय ते मला इचारा. ती हीर त्र्याहत्तर साली सरकारच्या दुष्काळी कामावर खांदली. सगळ्या गावानं खांदली, सगळ्या जातींनी. बद्रीनाथ तिथं मुकादम व्हता, हजेरी घ्यायचा. टोपलं त्यानं एक उचललं न्हाई. त्याच्या आधी आमा बौद्धांना गावात हीर नव्हती. जुन्या हिरीला हात लावायचा न्हाई. माही माय घागर घेऊन खाली उभी ऱ्हायची, वरून कुनाला दया आली तर पानी ओतायचे, न्हाई तर उन्हात तशीच उभी. नव्या हिरीला पानी लागलं तव्हा सरकारनं कठड्याला दगड बसवला. शाळेच्या मास्तरनं समद्यांपुढं त्यो मोठ्यानं वाचला. सार्वजनिक विहीर. सर्वांसाठी खुली. त्या दिवशी मायनं गावच्या हिरीत सवताच्या हातानं पहिला पोहरा सोडला.

आता ऐका, दोन हजार एकोनीसच्या उन्हाळ्यात काय झालं. बद्रीनाथ मरून लई दिवस झाले. त्याचा पोरगा राधाकिशन गावच्या सहकारी सोसायटीचा चेअरमन हाय. दुष्काळ पडला, बोअर आटले, तसं ह्यानं हिरीभवती तारंचं कुंपन घातलं आन फाटकाला कुलूप लावलं. म्हनतो, "ही हीर मह्या वडलांनी खांदून सोसायटीला दिलेली हाय. ही सोसायटीची मालमत्ता." आतमधी टँकर भरायचे आन ह्याच्या मर्जीनं जायचे. आमच्या वस्तीत चाळीस घरं, आमाला चौथ्या दिवशी टँकर, त्यो बी अर्धा. बायका फाटकापुढं घागरी घेऊन उभ्या. व्हय, आता प्लास्टिकच्या! चाळीस-पंचेचाळीस वर्सांनी पुन्ना तसंच उभं ऱ्हायचं, कुनी तरी आतून पानी देईल म्हनून. नावात सहकारी आन किल्ली एकट्याच्या खिशात!

आमी तहसीलला अर्ज दिला. तिथं म्हनले, त्र्याहत्तरचं रेकॉर्ड सापडत न्हाई. मंग म्हनलं, दगड दाखवू. तर दगड कुठं हाय? दोन हजार तीन साली राधाकिशननं हिरीचं सिमेंटचं काम केलं तव्हा म्हनला, दगड फुटला, फेकून दिला. झालं. तहसीलदार मॅडमनी सोमवारची तारीख दिली. त्या दिवशी आमच्याजवळ पुरावा नसला तर हीर कायमची सोसायटीची व्हनार, म्हंजी राधाकिशनची. आन ह्यानं पुरावा काय दिला म्हाईत हाय का? पेन ड्राइव्ह! ती सिरियल! म्हनतो, "सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय मह्या वडलांचं काम."

मह्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शनिवारी दुपारी चपला घातल्या आन शहादेवाच्या घरी गेले. त्यो आता रिटायर झालाय, दिवसभर मोबाईल बघत पडलेला असतो.

"शहादेवा, ऊठ. ती सिरियल मोबाईलवर हाय म्हनं. लाव."

"आक्का, पुन्ना? बावीस झाल्या की मोजून."

"बावीसानं भागत न्हाई. सोमवारी मॅडमपुढं एकेक खोटं दाखवायचंय. तेराच्या तेरा भाग लाव."

त्यानं लावली. कुनी तरी ती सिरियल मोबाईलवर टाकून ठेवलीय, लोक खाली लिहितेत, 'काय ते जुने दिवस, काय ते खरेपन.' खरेपन! मी शहादेवाला म्हनलं, लिही त्याला जबाब. त्यो म्हनला, आक्का, आधी बघ तरी. मंग आमी बघत बसलो. सहा भाग झाले. मी शिव्या द्यायची, त्यो वहीत लिहायचा.

सातवा भाग लागला तशी मी सवयीनं उठले, पन सोमवार आठवला आन पुन्ना बसले. त्यो भाग मी कव्हाच बघितलेला न्हाई. तव्हा सोसायटीत टीव्हीवर लागला तव्हा मी उठून घरी आलते, आन पुन्ना जव्हा जव्हा दाखवला तव्हा बी उठून गेलते. कावून ते सांगते, जरा थांबा.

हिरीवरचा प्रसंग व्हता. त्यो पाटील झालेला हिरो दोर ओढतोय, बायका रांगंत हायेत. मागं कठड्यावर एक वाकळ टाकलेली.

"तेवीस," म्हनलं मी.

"काय चुकलं आता?"

"कठड्यावर वाकळ कोन टाकतं रे?"

शहादेवाला बी पटलं. आमच्याकडं घरात मैत झालं की तिसऱ्या दिवशी मेलेल्या मानसाची वाकळ धुवून हिरीच्या कठड्यावर टाकतेत. तीच एक. दुसरी कुनी वाकळ तिथं टाकीत न्हाई, लेकराची दुपटी सुद्धा टाकीत न्हाई. कठड्यावर वाकळ दिसली की गावानं समजायचं, कुनाच्या तरी घरचं मानूस गेलं.

तेवढ्यात डाव्या बाजूनं एक हात आला. काळा, सुरकुतलेला, कोपरापस्तोर गोंदलेला. त्या हातानं वाकळ धरली आन खस्सकन ओढून घेतली.

"माय!" शहादेव ओरडला.

मायच व्हती. तोंड दिसत नव्हतं, पन मायचा हात आमी वळखनार न्हाई व्हय? ती मरून बी वीस वर्सं झाली. मोबाईलात तेवढा हातच ऱ्हायला व्हता तिचा, आन मी त्यो तीस वर्सं बघितला नव्हता.

आता कावून ते सांगते. शूटिंगच्या त्या दिवशी मी तिथंच व्हते. हिरीच्या दगडावर सन १९७३ लिहिलेलं, आन सिरियलीत तर हीर एकाहत्तरची. म्हनून सिरियलवाल्यांनी दगड झाकायला त्याच्यावर वाकळ टाकली. मायला ते बघवंना. "जित्या हिरीवर मैताची वाकळ टाकतेत का रं," असं तोंडातल्या तोंडात म्हनत ती रांगंतून निघाली आन चालू शूटिंगात वाकळ ओढून घेतली. त्यो डायरेक्टर असा वरडला! "ए म्हातारे! कुणी सोडली हिला इथं? बाहेर काढा हिला!" दोघा जनांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. शंभर-दीडशे मानसांपुढं.

आन मी काय केलं? मी त्या डायरेक्टरला काय म्हनले न्हाई. मी मायलाच म्हनले, "तुला कळत न्हाई का, गप उभं ऱ्हायचं तर!" मला टीव्हीत दिसायचं व्हतं ना. माय एकटी, पदर डोळ्याला लावून, बांधाबांधानं घरी गेली आन मी रांगंत उभी ऱ्हायले. घागरीच्या चुका धरनारी मी! त्या दिवशी मह्या तोंडाला काय झालं व्हतं? ह्या गोष्टीचा मला आजबी असा राग येतो की सवताच्याच थोबाडीत मारावी वाटतं.

डायरेक्टरनं वाकळ पुन्ना टाकली आन पुन्ना शूटिंग घेतलं. पन मुंबईला जाऊन कुनी काय जोडलं कुनास ठाऊक, सिरियलीत पहिलाच तुकडा ऱ्हायला. मायच्या हातासकट.

"आक्का," शहादेव म्हनला, आन त्याचा आवाज बदलला. "रडू नको. मागं बघ मागं. वाकळ गेल्यावर बघ."

त्यानं चित्र थांबवलं, दोन बोटांनी मोठं केलं. वाकळंच्या मागं दगड! दोन-तीन सेकंद दिसतो, त्या हिरोच्या खांद्यामागं. वरच्या दोन ओळी सरळ वाचता येतेत. सार्वजनिक विहीर. दुष्काळ निवारण काम, सन १९७३. खालच्या ओळी धुरकट, काय लागत न्हाईत. पन वरच्या दोन बास व्हत्या. मी शहादेवाच्या पाठीत असा धपाटा घातला की मोबाईल पडता पडता ऱ्हायला.

सोमवारी तहसीलला गेलो. राधाकिशन आधीच येऊन बसलेला, पांढरे कपडे, मागं सोसायटीचे दोघं-तिघं. मला बघून म्हनतो, "या चुकाबाई, आज किती आनल्या?"

"एकच आनली," म्हनलं. "तुमाला पुरंल."

मॅडम तरुन व्हत्या पन चेहरा कडक. शहादेवानं मोबाईल टेबलावर ठेवला, चित्र दाखवलं. मॅडमनी चष्मा लावला, एकदा बघितलं, पुन्ना एकदा बघितलं. "हा दगड विहिरीचाच?" म्हनल्या. मी म्हनलं, "व्हय मॅडम. ह्यांनीच पुरावा दिलाय, त्यातच हाय."

मला वाटलं जिंकलो. पन राधाकिशन लई पक्का. हासला, फायलीतून एक पिवळा कागद काढला आन मॅडमपुढं ठेवला. पेपरचं कात्रन! महं पत्र! तीस वर्सं जपून ठेवलतं भडव्यानं. आन वाचायला लागला, मोठ्यानं, शाळेत वाचतेत तसं. "'या सिरियलीतलं काहीही खरं धरू नये. आपली, भामाबाई.' मॅडम, बाई सवताच लिहितेत, सिरियलीतलं काही खरं न्हाई. मंग दगड तेवढा खरा कसा?"

त्याच्यामागचे हासले. कारकून बी हासला.

"बाई, हे पत्र तुमचंच आहे ना?" मॅडम म्हनल्या.

"महंच हाय. एक शब्द मागं घेत न्हाई!" मह्या अंगात आता भरलं. "मॅडम, त्यांनी जे मांडलं ते खोटं. घागर मांडली, घड्याळ मांडलं, पाटील मांडला, सगळं खोटं. पन हा दगड त्यांनी मांडला न्हाई. ह्यो त्यांनी झाकला! जे झाकायचं ऱ्हाऊन गेलं ते कसं खोटं असंल? खोटं असतं तर झाकलंच कशाला असतं?"

मॅडम पुन्ना चित्राकडं बघायला लागल्या. तसा राधाकिशन पुढं झाला. "मॅडम, ह्या सिनेमावाल्यांचं काय खरं असतंय? थर्माकोलचा दगड करून आनला असंल त्यांनी. मंग नको वाटला म्हनून झाकला. आमच्या हिरीला कव्हाच दगड नव्हता."

"आता गं बया!" मह्या तोंडातून निघालं. "तूच तर म्हनलास, दगड फुटला!"

"असं मी कव्हा म्हनलो? लिहून दिलंय का कुठं?"

लिहून कुठं दिलं व्हतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाई, दगड सिरियलवाल्यांनी बनवलेला असू शकतो. नुसत्या या चित्रावर मला काही ठरवता येणार नाही," म्हनल्या. शहादेव मह्याकडं बघायला लागला. मला दिसलं, फाटक बंद झालं. चाळीस घरच्या बायका त्या तारंपुढं कायमच्या उभ्या. मला राग असा चढला की डोळ्यापुढं लाल दिसायला लागलं.

मी राधाकिशनच्या तोंडाकडं बघितलं. त्यो कात्रनाची घडी घालीत व्हता, बोटानं कडा दाबून दाबून. तीस वर्सं जपलंय हे त्यानं. कावून? त्या पत्रात त्याच्या बापाचं खोटं काढलतं म्हनून. त्याला ते सहन व्हत न्हाई. आन चूक सहन न व्हन्याचं दुखनं मला नवं हाय का? ते मलाच हाय जन्मापासून! कुनी बाहत्तरची गोष्ट चुकीची सांगितली की मह्या जिभंला खाज सुटती, मंग समोर लगीन असू द्या न्हाई तर मैत. मी सगळी जिंदगी चुका धरल्या. आता म्हनलं, एक करून बघू.

"ठीक हाय मॅडम," मी म्हनलं, आवाज खाली आनला. "थर्माकोलचा असंल. मी आडानी बाई. पन त्या दगडाची शेवटची ओळ मला पाठ हाय, तेवढी लिहून घ्या, म्हंजी महं समाधान व्हईल."

"सांगा," मॅडम म्हनल्या.

"खाली लिहिलतं, 'मुकादम, धोंडीराम.'"

धोंडीराम म्हंजी राधाकिशनच्या भावकीतला. बद्रीनाथचं आन त्याचं मरेपस्तोर वैर व्हतं, बांधावरून. शहादेवाचं तोंड उघडंच ऱ्हायलं. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं.

मी थांबले न्हाई. "धोंडीराम लई कामाचा मानूस, मॅडम. हजेरी त्यानंच घेतली, सगळ्या कामावर त्योच उभा. बद्रीनाथ तर तिकडं फिरकला सुद्धा न्हाई. म्हनून सरकारनं दगडावर धोंडीरामाचं नाव—"

"धोंडीराम?" राधाकिशन खुर्चीतून उठला. मानंच्या शिरा फुगल्या. "ए शहादेव, काय बोलती बे ही तुही भैन? धोंडीराम कावून असंल? बद्रीनाथ लिहिलंय त्याच्यावर! मुकादम बद्रीनाथ! मह्या बापाचं नाव हाय, रोज सकाळी उठून बघतो मी!"



मॅडमनी पेन उचललं. "रोज सकाळी बघता?" म्हनल्या. "कुठं?"

राधाकिशन उभाच. हातातल्या कात्रनाचा बोळा झाला. मागचे दोघं जन जमिनीकडं बघायला लागले. कारकुनानं इचारलं, "मॅडम, हे लिहून घेऊ का?" मॅडम म्हनल्या, "शब्दनशब्द." मंग घड्याळ बघितलं आन म्हनल्या, "पंचनामा आजच करू. गाडी काढा."

दुपारी दोनला आमी राधाकिशनच्या ओसरीत उभे. समोर भिंतीत बद्रीनाथचा हार घातलेला फोटो आन फोटोखाली त्यो दगड, उभा चिनलेला. पन काय केलतं बघा! वरच्या सगळ्या ओळी सिमेंटनं लिंपून वर रंग दिलेला. 'मुकादम' शब्द बी लिंपलेला. उघडं एकच नाव ठेवलं, बद्रीनाथ. बापाच्या नावावर घन घालायला हात धजला न्हाई म्हनून दगड घरी आनला, आन बापाचं काम मातूर लिंपून टाकलं!

मॅडमनी कोतवालाला छिन्नी लावायला सांगितली. सिमेंटचे टवके पडायला लागले. मुकादम निघालं. सन १९७३ निघालं. सार्वजनिक विहीर निघालं. आन मधी, मोबाईलात धुरकट झालेली ती ओळ, सर्वांसाठी खुली. मॅडमनी ते वाचलं, पंचांच्या सह्या घेतल्या आन राधाकिशनला म्हनल्या, "कुलूप आत्ता काढायचं. दगड जिथला तिथं बसवायचा, माझ्यासमोर."

वस्तीतली मानसं टॅक्टर घेऊन आली. बायका बी आल्या, निम्म्या गावच्या आल्या. राधाकिशन बाजूला खांबाला टेकून उभा व्हता. मी जवळनं चालले तसा हळूच म्हनला, "भामाबाई."

"काय?"

"वरचं सगळं न्या. खालची ओळ तेवढी तोडून मला द्या. बाप हाय महा." आन त्यानं बाहीनं डोळे पुसले. खोटं न्हाई, खरंच पुसले.

एक घटकाभर मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मंग त्यो बापाचं नाव आंघोळ करून रोज बघत व्हता तव्हा आमच्या बायका फाटकावर उभ्या व्हत्या, ते आठवलं.

"तोडायचं न्हाई," म्हनलं. "तुमच्या बापानं हजेरी घेतली, आमी हीर खांदली. आमच्यातल्या एकाचं बी नाव ह्या दगडावर न्हाई, मह्या मायचं न्हाई, मेलेल्यांचं न्हाई. तरी आमी तुमच्या बापाचं नाव फोडनार न्हाई. मुकादम व्हता, मुकादम म्हनून हिरीवर ऱ्हाईल. सगळं गाव बघंल रोज सकाळी, तुमी एकट्यानंच कावून बघायचं?"



दगड भिंतीतून सुटला. दोघांनी एकीकडून धरला, शहादेव आन कोतवाल दुसरीकडून. पन लई वजनाचा, आन खालच्या अंगाला शहादेवाचे हात थरथरायला लागले, रिटायर मानूस त्यो. दगड तिरपा व्हायला लागला. बायका वरडल्या. राधाकिशन तसाच खांबाला टेकून, डोळं मोठं करून त्या खालच्या ओळीकडं बघत उभा.

"बघता काय चेअरमन," मी वरडले, "धरा की खालून! पडला तर तुमचाच बाप फुटंल!"

त्यो पळत आला, गुडघे टेकले आन दोनी हातानं दगड खालून उचलून धरला. मंग तसाच वाकून, पांढऱ्या कपड्यांना सिमेंट लावून घेत, आमच्या मानसांच्या पावलाला पाऊल देत टॅक्टरपस्तोर गेला.